नलूचं यान, माझी गच्ची

यंदा पुन्हा पावसानं ओढ दिली आहे आणि सगळं जळगाव मान वर करून चालतं आहे. पोस्टमन पत्र हातात देता देता वर बघतो, भाजीवाली मेथीची जुडी बांधता बांधता वर बघते, आणि शेजारचे निवृत्त तलाठी तर फाटकापाशी खुर्ची टाकून वर बघण्याचीच नोकरी करतात. आषाढ अर्धा सरला. ज्यांनी धूळपेरणी केली त्यांनी कोरड्या मातीत कपाशीचं बी टाकून ठेवलं आहे, आणि आता ते बी आणि ती माणसं दोघंही वाट बघत बसली आहेत. फैजपूरहून माझा भाऊ फोन करतो. "तुमच्याकडे काही दिसतं का?" म्हणजे ढग. मी म्हणते, नाही रे. आवाजात जेवढं वाईट वाटणं घालायला हवं तेवढं घालते. आषाढातलं निरभ्र आकाश मला मनापासून आवडतं, हे कपाशी पेरून बसलेल्या सख्ख्या भावाला सांगायची सोय नसते.

ही आवड काही माझी पहिल्यापासूनची नाही. ती दोनेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका कोरड्या आषाढानं लावली. त्या आषाढात सगळा खानदेश ढगाची वाट बघत होता आणि मी एकटी रविवारच्या उन्हाची. त्याचं कारण नलू.

नलू म्हणजे नलिनी, धुळ्याची, माझी कॉलेजातली मैत्रीण. मला तिचा हेवा वाटतो. पण हेवा हा शब्द फार सभ्य झाला, हळदीकुंकवाला नेसून जायच्या साडीसारखा. मी तिच्यावर जळते. वीस वर्षांची ओळख, त्यातली पंधरा वर्षं मी हे काम नेमानं करत आले आहे, आणि तिला त्याचा पत्ता नाही. असता तर तिनं इतक्या मोकळेपणानं मला तिच्या सुखाच्या गोष्टी सांगितल्या नसत्या.

जळगावला आम्ही दोघी एकाच वसतिगृहात होतो. भौतिकशास्त्राच्या विभागात एक लहान दुर्बीण होती, तिच्यातून सूर्य पाहायचा आम्हाला नाद लागला. पाहायचा म्हणजे डोळा लावून नव्हे. डोळा लावला तर डोळा जाईल. दुर्बीण सूर्याकडे रोखायची आणि तिच्या मागच्या टोकापासून हातभर अंतरावर पांढरा कागद धरायचा. कागदावर बशीएवढा सूर्य येऊन पडतो. त्याच्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं टिपायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपायचे, की डाग सरकलेले दिसतात आणि सूर्य फिरतो आहे हे स्वतःच्या हातानं कळतं. चित्रं मी काढायची. नलूला साधा गोल धड काढता येत नसे. ती कागद धरायची, आणि हात भरून आला की कुरकुरायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आज जिला सूर्याचे फोटो लाखो किलोमीटरवरून येतात ती एकेकाळी माझा कागद धरत होती.

पुढे तिला संशोधनाला जागा मिळाली, ती बंगळूरला गेली, तिथून अमेरिकेला. मला कॉलेजात नोकरी मिळाली आणि धुळ्याकडच्या माणसांत लग्न झालं. तिनं माझं काही हिसकावून घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता, चार जणींना सांगता आलं असतं. पण तिनं माझं काहीच घेतलं नाही. ती फक्त पुढे गेली, आणि मागे राहिलेल्या माणसाला त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

तिचं काम असं आहे. सूर्याकडे तोंड करून एक यान अंतराळात ठेवलं आहे, आपल्यापासून पंधरा लाख किलोमीटरवर, जिथून सूर्य कधी मावळतच नाही. तिथे रात्र नाही, ढग नाही, आषाढ नाही. ते यान चोवीस तास सूर्याकडे बघत राहतं. सूर्यावर मोठे स्फोट होतात, कधी नुसता झगझगीत प्रकाश, कधी त्याच्या अंगावरचा तापलेला वायूच ढगासारखा सुटून अवकाशात फेकला जातो. असा ढग पृथ्वीच्या वाटेला लागला तर उपग्रह बिघडतात, विजेच्या तारांवर परिणाम होतो. मागे कॅनडात एका रात्री सूर्याच्या अशा ढगानं वीज घालवली होती. नलूनं हे मला फार गंभीरपणे सांगितलं. मी म्हटलं, आमच्या इथून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतील एवढं अंतर, तरी आमची वीज रोज दुपारी जाते, आणि सूर्याला त्यात हातही घालावा लागत नाही. ती हसली. तिला हसवता येतं एवढीच माझ्याकडची शिल्लक होती.

ते यान हरवलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती, तेव्हा एक व्हिडिओ कॅसेट घेऊन जळगावला आमच्याकडे आली. वैशाखातली दुपार होती, खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या. शेजारून व्हीसीआर आणला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, लसूण सोलायचा सोडून टीव्हीपुढे येऊन बसल्या. पडद्यावर मधोमध एक काळी चकती होती आणि तिच्या चारी बाजूंनी पांढरट धूर हलत होता. मग एका बाजूनं एक मोठा बुडबुडा फुगत आला, फुगत फुगत पडद्याबाहेर निघून गेला.

"हाई काय शे वं? दूध उतू जाई ऱ्हायनं का?" अक्कांनी विचारलं.

"सूर्य शे अक्का," नलू म्हणाली. "त्याना अंगवरनं उतू जाई ऱ्हायनं."

"आनि मधमा ही काळी चकती काबर?"

"सूर्यले झाकाले. तो उघडा ऱ्हायना तं बाजूनं काहीच दिखत नई."

"ज्याले देखाले बसनात, त्यालेच झाकी दिनं?" अक्का म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मी चहा टाकायला उठले. मी फैजपूरची. आमची बोली वेगळी, तिच्यात अहिराणीचा हा गोडवा नाही, आणि इतकी वर्षं सून म्हणून राहूनही अक्कांशी मी पुस्तकी मराठीतच बोलते. नलू मात्र अमेरिकेतून येऊन पाच मिनिटांत माझ्या सासूची लेक होऊन बसली होती. स्वयंपाकघरातून मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. सूर्य तर तिनं घेतलाच होता, आता अक्कासुद्धा.

त्याच दुपारी तिनं आणखी एक गोष्ट दाखवली. काही स्फोटांनंतर थोड्याच वेळात चित्रावर पांढरे ठिपके पडायला लागायचे, इतके की सगळं चित्र बर्फ पडल्यासारखं दिसायचं. सूर्यानं उडवलेले कण थेट कॅमेऱ्यावर येऊन आदळतात, म्हणाली. प्रकाश आठ मिनिटांत पोचतो, कण त्याच्या पाठोपाठ, पण तो मोठा ढग मात्र रमतगमत दोन-तीन दिवसांनी येतो. खरा तडाखा त्याचा. माझं जळणंही अगदी याच चालीचं आहे. नलूची काही बातमी आली की त्या क्षणी मला फारसं काही होत नाही. मी हसते, वा म्हणते, पेढे दे म्हणते. मग दोन दिवसांनी, कॉलेजात फळ्यावर भिंगाची आकृती काढताना किंवा वांगी चिरताना, तो ढग येऊन पोचतो आणि माझा हात थांबतो.

नलूचा मत्सर करून झाला की मी त्या यानाचा करायचे. हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल. पण बाईमाणसाला सूर्य कसा मिळतो ते मला माहीत आहे. सकाळी डबे, मग कॉलेज, दुपारी झोपेचा तुकडा, मध्येच पाहुणे, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात ढग नसले तर सूर्य. विभागानं ती जुनी दुर्बीण बाद केली तेव्हा मी साहेबांना विचारून घरी आणली, पण महिना महिना तिच्यावरचं फडकं निघत नसे. आणि तिकडे ते यान, ज्याला दुसरं काही कामच नाही, ज्याला कोणी हाक मारत नाही, ते नुसतं बघत बसलं आहे. असं नुसतं बघत बसायला मिळावं, एवढंच मला आयुष्यात हवं होतं. ते मिळालं एका डब्याला.

आणि मग तो आषाढ आला. एका रविवारी सकाळी फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र असेल. नलू होती.

"यान हरवलं गं," ती म्हणाली.

कशानं तरी त्याचा तोल गेला होता. ते सूर्याकडून वळलं, गरगरत राहिलं, त्याच्याकडून संदेश येणं थांबलं. सूर्याकडे तोंड असेल तरच त्याला वीज मिळायची. आता त्याच्या पोटातलं इंधनसुद्धा गोठलं असेल, म्हणाली. मी ओट्याला टेकून ऐकत होते. बाहेर सकाळीच इतकं ऊन होतं की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, आणि त्याच सूर्यासमोर ते यान थंडीनं गोठत होतं. नलू रडायला लागली.

मला आनंद झाला. आडपडदा कशाला ठेवू. पोटातून उकळी फुटावी तसा झाला. आणि तो मावळायच्या आत दुसरंच काहीतरी झालं, ते त्याहून वाईट होतं. मला तिच्या रडण्याचा हेवा वाटला. असं मध्यरात्री उठून रडावं, आणि दुसऱ्या खंडातल्या मैत्रिणीला फोन करून सांगावं, इतकं मोठं हरवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? माझं काही हरवलं असतं तर ते जिन्याखाली सापडलं असतं.

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "आज कसा आहे गं?"

"कोण?"

"सूर्य. तुझ्याकडे आत्ता उजाडलं आहे ना. बघून सांगशील?"

तिला माझी गरज नव्हती हे मला चांगलं ठाऊक आहे. जमिनीवर जगभर वेधशाळा आहेत, त्यांची चित्रं तिला रोज मिळत होती. मी तसं म्हटलंही. त्यावर ती म्हणाली, "तिथून नुसते आकडे येतात. तू सांगितलंस की मला तो दिसतो." हे वाक्य मी किती दिवस पुरवून पुरवून खाल्लं ते माझं मलाच माहीत.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी फोन येऊ लागला. मी आधी गच्चीवर जाऊन दुर्बीण लावायची, कागदावर सूर्य उतरवायचा, डाग टिपायचे आणि कागद घेऊन फोनपाशी येऊन बसायचं. तिच्या बाजूला रात्र असायची, तिचं यान आंधळं झालेलं, आणि सूर्य माझ्या बाजूला. मी सांगायची, वरच्या अंगाला दोन डाग आहेत, शेजारी शेजारी, मोठ्याच्या भोवती करडी किनार आहे. मागच्या रविवारी जो मधोमध होता तो आता पलीकडे गेला. ती ऐकायची. मध्येच विचारायची, किनार दोन्हीकडून सारखी आहे का? मी म्हणायची, नाही, डावीकडून फाटल्यासारखी आहे. मग ती हं म्हणायची. त्या हं साठी मी आठवडाभर जगत होते म्हटलं तरी चालेल. सूर्यावर सुद्धा तेव्हा हंगाम चढत होता. दहा-अकरा वर्षांनी त्याच्यावर डागांचं पीक येतं, आणि त्या वर्षी ते भरात यायला लागलं होतं. सांगायला दर खेपेला नवं काही असायचं.

इकडे गावात पावसासाठी देवाला पाण्यात बुडवून ठेवायची भाषा सुरू झाली होती. शनिवारी संध्याकाळी पश्चिमेला जरा काळं दिसलं की गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन उभी राहायची, आणि मी मनात म्हणायची, सोमवारी ये बाबा, सोमवारी खुशाल ये. अक्का देवापुढे हात जोडून पाणी मागायच्या, त्यांच्या शेजारी बसून मी ऊन मागायची. दोघींचा देव एकच होता, त्याची काय पंचाईत झाली असेल कोण जाणे. त्या आषाढात त्यानं माझं ऐकलं.

अक्कांनी मी गच्चीवर काय करते ते पाहून ठेवलं होतं. त्या रोज सकाळी तिथेच तांब्यातून सूर्याला पाणी द्यायला यायच्या. एकदा कागदावर उतरलेला सूर्य पाहून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या, आणि जाताना पदर सावरून त्याला नमस्कार करून गेल्या होत्या. मला त्याचं कौतुकच वाटलं. तेव्हा मला कळायला हवं होतं की अक्का नमस्कारावर थांबणाऱ्यांतल्या नाहीत.

एका रविवारी मी दुर्बीण लावून, कागद बसवून दूध बघायला खाली आले. परत गेले आणि पाहिलं तर सूर्याच्या अगदी मधोमध एक मोठा, ठसठशीत डाग. गडद गाभा आणि त्याच्याभोवती फिकट वेढा. इतका सुरेख डाग मी कधी पाहिला नव्हता. खाली फोन वाजायला लागला होता. कागदावर काही दिसलं की आधी कागद हलवून पाहायचा, डाग सूर्याचा असेल तर सूर्यापाशीच राहतो, हा या कामातला पहिला धडा. मुलांना मी तो दर वर्षी शिकवते. त्या दिवशी मी धावत जिना उतरले.

"नलू, मोठा डाग आलाय. मधोमध. असा मी आजवर पाहिला नाही."

ती एकदम जागी झाली. किती मोठा, गाभा एक की दोन, वेढा कसा. मी सगळं सांगितलं. मधोमध म्हणजे आपल्याकडेच तोंड करून. अशा डागातून ढग सुटला तर सरळ पृथ्वीवर येणार. ती म्हणाली, "थांब, मी बघते, मग करते फोन." फोन ठेवला आणि मी पुन्हा वर गेले. एवढ्या वेळात सूर्य कागदावरून अर्धा सरकला होता. डाग तिथेच होता.

अक्का कोपऱ्यात तांब्या घासत होत्या. मी कागदाकडे बोट दाखवलं.

"मीच लायं," त्या म्हणाल्या. "आईतवारना दिन, सूर्यनारायन घर उना, त्याले काय कोरडाच धाडू?"

हळद आणि वर कुंकू.

नलूचा फोन आला तेव्हा मी खरं ते सांगितलं, दुसरं काय करणार. ती इतकं हसली की तिला ठसका लागला. यान गेल्यापासून ती हसलीच नव्हती. पुढच्या रविवारी कळलं की तिनं ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, तिथे सगळेच उतरलेले चेहरे घेऊन बसले होते, तेही पोट धरून हसले. भिंतीवरच्या सूर्याच्या नकाशात त्यांनी त्या नसलेल्या डागाची जागा खूण करून ठेवली आणि त्याला नाव दिलं, अक्का. नलूनं हे मोठ्या प्रेमानं सांगितलं. अक्का चार दिवस गल्लीभर मिरवत होत्या की अमेरिकेत सूर्यावर त्यांचं नाव लागलं. इतके रविवार उन्हात उभी राहून डाग मी टिपले होते. नाव लागलं कुंकू लावणारीचं. त्या आठवड्यात मी अक्कांवरसुद्धा जळले.

त्यापेक्षा मला धसका बसला होता तो वेगळाच. आता मी काही सांगितलं तर नलू ते खरं धरेल का? फोन येत राहिले, ती विचारत राहिली, पण माझं सांगून झालं की हळूच म्हणायची, "कागद हलवून पाहिलास ना?" थट्टेतच म्हणायची. मी पाहिला म्हणायची. मला एक खरा मोठा डाग हवा होता, कोणाचंही बोट न लागलेला, मी पाहिलेला आणि मी तिला सांगितलेला. त्याच्याशिवाय हे भरून निघणार नव्हतं.

श्रावण लागला, पाऊस ये-जा करू लागला, आणि एका धुतल्या रविवारी तो डाग आला. सूर्याच्या कडेला, नुकताच या बाजूला वळून आलेला, लांबट, मोठा, मागे लहान डागांची रांग. मी कागद हलवला. कागद बदलला. भिंग पुसलं, पुन्हा लावलं, अक्कांना त्या दिवशी गच्चीच्या दारातच थांबवलं. डाग सूर्याचाच होता. मी चित्र इतकं मन लावून काढलं की वसतिगृहातले दिवस आठवले. फोन वाजला तेव्हा कागद माझ्या हातात होता.

"सापडलं गं," नलू म्हणाली. "यान सापडलं."

गोठलेलं इंधन त्यांनी थोडं थोडं करून वितळवलं होतं, त्याला पुन्हा सूर्याकडे वळवलं होतं, चित्रं यायला लागली होती. ती भराभर बोलत होती, मागे माणसांचा आणि हसण्याचा आवाज होता. छान झालं, मी म्हटलं. खरंच छान, म्हटलं. तिनं माझ्या घरच्यांची चौकशी केली, अक्कांना नमस्कार सांगितला. मी वाट पाहत होते. मग ती म्हणाली, "बरं, ठेवू आता?"

"नलू, आज कडेला एक मोठा डाग आलाय," मी म्हटलं. "लांबट आहे. मागे रांग आहे. कागद हलवून पाहिलाय."

"हो गं," ती म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली. "बघितला आम्ही."

फोन ठेवून मी तिथेच बसून राहिले. अक्का दारात आल्या.

"काय म्हने नलू?"

"तिचं यान सापडलं."

"बरं व्हयनं." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग आते तू कोनले सांगशी?"

नलूचे फोन अजून येतात, दिवाळीला, तिच्या वाढदिवसाला, मधूनच कधीतरी. यंदा सूर्यावर डागांचं पीक पार भरात आहे, रोज काही ना काही फुटतं म्हणते, यान सगळं टिपतं, तिला जेवायला फुरसत नाही. यंदाच्या कोरड्या आषाढात मीही रोज वर जाते आणि चित्र काढते. पण रविवारी सकाळी अवेळी फोन वाजला की रिसीव्हर उचलेपर्यंत माझ्या मनात एकच येतं, की ते पुन्हा हरवलं असेल. आणि तेवढा वेळ मी सुखात असते.